गाठीचा सातबारा

(हिंगोली जिल्ह्यातल्या महिला गटांच्या आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



आजच्या विषयाचं नाव जरा अवघड आहे. स्तनांच्या कॅन्सरमधली जनुकांची अभिव्यक्ती आणि उपचारातलं तिचं महत्त्व. नाव ऐकून मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हे डॉक्टर लोकांचं. आपलं काय काम?" तपासणी डॉक्टर करणार, औषधही तेच लिहिणार, हे खरंच आहे. पण गाठ आपल्या अंगात असते. तिचा रिपोर्ट आपल्या पिशवीत असतो. त्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर तीन ओळी असतात. औषध कोणतं मिळणार, किती वर्षं घ्यायचं आणि खर्च किती, हे सगळं त्या तीन ओळींवर ठरतं. त्या ओळी आपल्याला वाचता आल्या पाहिजेत, म्हणून हा विषय घेतला.

आकडा आधी सांगते. जागतिक पातळीवरच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 92 हजार बायांना स्तनांचा कॅन्सर झाला आणि सुमारे 98 हजार बाया त्यानं गेल्या. देशातल्या बायांमध्ये आज हाच कॅन्सर पहिल्या नंबरवर आहे. 'शहरातल्या, शिकलेल्या, उशिरा मूल होणाऱ्या बायांचा रोग' असं म्हणून खेड्यातल्या बाईला त्यातून बाजूला काढण्याची सोय आता उरलेली नाही.

आता मुद्द्यावर येते. आपण सगळ्या शेतकरी घरातल्या. म्हणून सातबाऱ्यावरूनच सांगते.

सातबाऱ्याचे दोन भाग असतात. वरचा सात नंबर, जमीन कुणाची आणि किती. खालचा बारा नंबर, यंदा तिच्यात पेरलं काय. सात नंबर बघून शेतात हळद आहे, सोयाबीन आहे की पडीक आहे ते कळत नाही. त्याला बारा नंबर लागतो. (सात नंबरावर आपल्यातल्या कितीजणींचं नाव आहे, हा प्रश्न आज बाजूला ठेवते. तो विसरलेले नाही.)

शरीराचंही असंच आहे. आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सारखीच जनुकं असतात, सुमारे 20,000. हा झाला सात नंबर. तो डोळ्याच्या पेशीत तोच, स्तनाच्या पेशीतही तोच. मग डोळा डोळ्याचं काम करतो आणि स्तनात दूध येतं, ते कशामुळे? तर प्रत्येक पेशी त्या 20,000 जनुकांतली काही चालू ठेवते, बाकीची गप्प ठेवते. चालू जनुकाच्या हुकमानं पेशीत प्रथिनं तयार होतात. कोणतं जनुक चालू, किती जोरात चालू, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. म्हणजे पेशीचा बारा नंबर.

कॅन्सरच्या गाठीत हा पीकपेरा बिघडतो. वाढ थांबवणारी जनुकं गप्प होतात, वाढा म्हणणारी जनुकं ओरडू लागतात. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की तो सगळ्या बायांमध्ये एकसारखा बिघडत नाही. अमेरिकेतल्या चार्ल्स पेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली बऱ्याच गाठींतली हजारो जनुकं एकाच वेळी तपासली. एकाच नावाच्या या रोगात निरनिराळ्या जाती आहेत, असं त्यातून दिसलं. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या वाटणाऱ्या दोन गाठी आतून अगदी वेगळ्या असू शकतात. म्हणून 'शेजारणीला लागू पडलं तेच औषध मला द्या' हे इथं चालत नाही.

रोज दवाखान्यात 20,000 जनुकं कुणी तपासत नाही, आणि त्याची गरजही नाही. तीन जनुकांचं पीक पाहिलं तरी बरंच कळतं. ते पाहतात जनुकानं तयार केलेल्या प्रथिनाला रंग देऊन. या तपासणीला आयएचसी म्हणतात. रिपोर्टवरच्या तीन ओळी त्याच: ईआर, पीआर आणि हर-टू.

ईआर आणि पीआर म्हणजे पेशीतली कुलपं. ईआर हे इस्ट्रोजेन या बाईच्या संप्रेरकाचं कुलूप, पीआर हे प्रोजेस्टेरॉनचं. ही कुलपं असलेली गाठ संप्रेरकाच्या किल्लीनं वाढते. 1895 साली स्कॉटलंडमधल्या बीटसन नावाच्या सर्जननं स्तनांचा कॅन्सर पसरलेल्या बाईचं बीजकोश काढलं आणि गाठी आटल्या. असं का झालं ते त्या वेळी कुणाला कळलं नाही. काही बायांनाच गुण येई, काहींना नाही. कारण उलगडलं ते पुढे कुलपाचा शोध लागल्यावर. कुलूप असेल तरच किल्ली काढून घेण्याचा उपयोग.

आज त्यासाठी पोट फाडावं लागत नाही. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी आहे. ती कुलपात जाऊन बसते आणि किल्लीला आत येऊ देत नाही. हे रसायन 1962 साली इंग्लंडमध्ये डोरा रिचर्डसन या बाईनं तयार केलं, हे आपण मुद्दाम लक्षात ठेवू, कारण शोधांच्या गोष्टींत अशी नावं गळतात. ईआर पॉझिटिव्ह बाईनं ही गोळी 5 वर्षं घेतली तर पुढच्या 15 वर्षांत या रोगानं मरण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटतं. ईआर निगेटिव्ह बाईला तिचा काही फायदा होत नाही. गोळी स्वस्त आहे, रोजचा खर्च मोजक्या रुपयांत. पाळी गेलेल्या बायांना लेट्रोझोलसारख्या दुसऱ्या गोळ्या देतात, पण तत्त्व तेच.

तिसरी ओळ हर-टू. हे वाढीचा संदेश घेणारं प्रथिन आहे. 100 पैकी साधारण 15 ते 20 बायांच्या गाठीत त्याचं जनुक एकाच्या जागी कितीतरी प्रतींत असतं आणि पेशीवर या प्रथिनाचा नुसता बुजबुजाट होतो. अशी गाठ झपाट्यानं वाढते. रिपोर्टमध्ये 0, 1+, 2+, 3+ असं लिहितात. 3+ म्हणजे पॉझिटिव्ह. 0 आणि 1+ म्हणजे निगेटिव्ह धरतात. 2+ म्हणजे 'सांगता येत नाही', आणि तिथं फिश नावाची दुसरी तपासणी करायलाच हवी. 2+ वर फाईल बंद करायची नाही, हे सगळ्याजणींनी लिहून घ्या.

आणि तिन्ही निगेटिव्ह आलं तर? त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. गोळी चालत नाही, हर-टूचं इंजेक्शन चालत नाही, भिस्त मुख्यतः केमोथेरपीवर. पाश्चात्त्य देशांत 100 मध्ये 10 ते 15 जणींचा हा प्रकार असतो. भारतातल्या अभ्यासांत तो 30 च्या आसपास येतो. आपल्याकडे हा रोग तुलनेनं तरुण वयात दिसतो, हे त्यामागचं एक कारण. पण दुसरी एक शंका तज्ज्ञही बोलून दाखवतात, की यातल्या काही गाठी खरोखर निगेटिव्ह नसतील, नीट जपल्या गेल्या नाहीत म्हणून निगेटिव्ह दिसल्या असतील.

इथं आपला संबंध येतो. जरा लक्ष द्या.

गाठीचा तुकडा अंगाबाहेर काढला की त्यातली प्रथिनं नासायला लागतात. तो तासाभरात 10 टक्के फॉर्मॅलिनच्या द्रवात पडला पाहिजे, आणि त्या द्रवात किमान 6 तास, जास्तीत जास्त 72 तास राहिला पाहिजे. सलाइनच्या पाण्यात नाही, स्पिरिटमध्ये नाही, कोरड्या डबीत तर नाहीच. द्रवही भरपूर हवा, तुकडा त्यात बुडून मोकळा राहील इतका. हे चुकलं तर प्रथिन असूनही रंग धरत नाही. मग रिपोर्ट लिहितो: ईआर निगेटिव्ह. आणि जिला काही रुपयांच्या गोळीनं वर्षं मिळाली असती, तिला ती गोळी कुणी देत नाही. हा अन्याय कुणाच्या नजरेला येत नाही. कागदावर तर सगळं बरोबर असतं.

मी पाहिलेली एक गोष्ट सांगते. नावगाव सांगत नाही. चाळिशीतली बाई, दीड एकर कोरडवाहू, दोन मुली. छातीत गाठ. एका खासगी दवाखान्यात 'साधी दिसते' म्हणून सरळ काढून टाकली. काढलेली गाठ प्लॅस्टिकच्या बरणीत घालून नवऱ्याच्या हातात दिली, "शहरात लॅबला नेऊन द्या." तो दिवस शनिवारचा. लॅब बंद. बरणी सोमवारपर्यंत घरात खिडकीत. आत कसलं पाणी होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. रिपोर्ट आला, कॅन्सर आहे, पण नमुना खराब, बाकी तपासणी करता येत नाही. पुढे मोठ्या सरकारी रुग्णालयात काखेतल्या गाठीचा नमुना घेतला, तो नीट जपला, आणि ईआर ठळक पॉझिटिव्ह निघाला. पण मधे अडीच महिने गेले. नवरा अजून म्हणतो, "बरणी मी घरात ठेवली म्हणून झालं." त्या माणसाला कुणी सांगितलं होतं का, की बरणीत बायकोचं औषध आहे?

म्हणून म्हणते, आधी सुई, मग सुरी. गाठ दिसली की आधी जाड सुईनं तिचे धाग्यासारखे तुकडे काढून तपासतात. गाठ कोणत्या जातीची ते कळल्यावर ऑपरेशन आधी की केमो आधी हे ठरतं. हर-टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह गाठ मोठी असेल तर पुष्कळदा केमो आधी देतात. घाईनं गाठ कापून टाकली की हा मार्ग बंद होतो.

आता पैशाचं बोलू. हर-टूवर ट्रास्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. अमेरिकेत त्याला 1998 साली परवानगी मिळाली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रोगात केमोबरोबर ते दिलं तर रोग परत येण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. पण आपल्याकडे त्याची एक कुपी लाखाच्या घरात होती, आणि कोर्स वर्षभराचा. म्हणजे रिपोर्टवर 3+ वाचून डॉक्टर गप्प बसायचे, कारण सांगून उपयोग काय? 2012 साली हे औषध परवडणाऱ्या किमतीत मिळावं म्हणून देशात मोहीम उभी राहिली. कल्याणी मेनन-सेन यांच्यासारख्या स्त्रीचळवळीतल्या कार्यकर्त्या तिच्यात पुढे होत्या. 2013 साली रोश कंपनीनं भारतातला पेटंटचा दावा सोडला. 2014 साली बंगळूरच्या बायोकॉनचं त्याच जातीचं औषध बाजारात आलं. त्यावरही रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. 2015 साली हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि आपल्या देशाच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. किंमत उतरली ती बायांनी आवाज केला म्हणूनही उतरली, हे विसरू नका. अजून ती गरीब घराला झेपणारी नाही, हेही खरं. आणि नवी औषधं येतात ती नव्या पेटंटसकट. 2022 मध्ये केरळच्या एका बाईनं रायबोसायक्लिब हे औषध स्वस्त मिळावं म्हणून तिथल्या उच्च न्यायालयात अर्ज केला. निकाल लागण्याआधीच ती गेली. प्रश्न महत्त्वाचा म्हणून न्यायालयानं तो स्वतःहून पुढे चालू ठेवला.

तिसरी गोष्ट, मोठ्या जनुक तपासण्यांची. ऑन्कोटाइप डीएक्स नावाची एक तपासणी गाठीतल्या 21 जनुकांची अभिव्यक्ती मोजून 0 ते 100 मध्ये गुण देते. रोग परतण्याचा धोका किती आणि केमोचा उपयोग होईल का, ते त्यावरून ठरवतात. 2018 साली 10 हजारांवर बायांच्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेत रोग न पसरलेल्या पन्नाशीपुढच्या बहुतेक बायांना केमोची गरज नाही, गोळी पुरते, असं त्यात दिसलं. केवढी मोठी गोष्ट आहे ही! केस जाणं, उलट्या, दर तीन आठवड्यांनी एसटीच्या खेपा, बुडालेली मजुरी, हे सगळं टळतं. पण तपासणीचा खर्च लाखांत. बंगळूरच्या ऑन्कोस्टेम कंपनीनं, तिच्या संस्थापक डॉ. मंजिरी बकरे आहेत, 5 प्रथिनांवर आधारलेली त्याच हेतूची तपासणी काढली आहे. ती तुलनेनं स्वस्त, तरी गरिबाला जडच. म्हणून कुणी अशी तपासणी सांगितली तर एकच प्रश्न विचारायचा: "याच्या उत्तरानं औषध बदलणार आहे का?" बदलणार नसेल तर त्यासाठी जमीन गहाण टाकू नका. ईआर, पीआर, हर-टू या तीन तपासण्या मात्र कुणालाही चुकवू देऊ नका.

आता आनुवंशिकतेचं, कारण इथं बायांना फार छळतात. 'तुमच्या घराण्यातच आहे' असं म्हणून सुनेला माहेरी पाठवलेलं, मुलीचं जमलेलं लग्न मोडलेलं मी पाहिलं आहे. नीट समजून घ्या. आतापर्यंत सांगितला तो गाठीचा पीकपेरा. तो बाईच्या हयातीत बिघडतो, लेकीला जात नाही. घराण्यातून येतो तो सात नंबरावरचाच फेरफार. बीआरसीए-एक आणि बीआरसीए-दोन ही त्यातली प्रमुख जनुकं. 100 रोगी बायांत असा फेरफार साधारण 5 ते 10 जणींतच असतो. आणि तो बापाकडूनही येतो! बापाकडून आला तरी बोट मात्र आईकडेच जातं. तरुण वयात रोग झाला असेल, घरात दोन-तीन जणींना स्तनांचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर असेल, घरातल्या पुरुषाला स्तनांचा कॅन्सर झाला असेल, तर रक्ताची तपासणी करण्यात अर्थ आहे. ती सल्ला घेऊन, समजून आणि गुप्तता राखून करायची. मुंबईच्या टाटा रुग्णालयात त्यासाठी वेगळी ओपीडी आहे. सोयरीक जुळवण्यासाठी कुणी अशी तपासणी मागितली तर ठाम नाही म्हणायचं.

या बीआरसीए जनुकांवर अमेरिकेतल्या मिरियड कंपनीनं पेटंट घेतलं होतं. तपासणी फक्त तीच करणार, पैसे सांगेल ते. रोगी बाया आणि शास्त्रज्ञ कोर्टात गेले, आणि 2013 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निसर्गातल्या जनुकावर कुणाची मालकी चालणार नाही. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. हळदीनं जखम भरते, यावर 1995 साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं हरकत घेतली आणि 1997 साली ते रद्द झालं. वसमतची हळद आणि बाईच्या अंगातलं जनुक, दोन्हींवर मालकी सांगणारे असतात, आणि दोन्हींकडे भांडावं लागलं.

हळदीचा विषय निघाला म्हणून स्पष्ट बोलते. आपल्या जिल्ह्यात गाठ आली की पहिला लेप हळदीचा, मग अंगारा, मग औंढ्याला नवस. नवस करा, श्रद्धा तुमची. पण हळदीच्या लेपानं कॅन्सरची गाठ जात नाही. लेपाखाली ती सहा महिने शांतपणे वाढते, दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. प्रयोगशाळेत हळदीतल्या द्रव्यावर काम होतं, ते वेगळं.

हे सगळं परदेशातलं शास्त्र, असंही कुणी समजू नका. पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात उंदरांवर काम करून स्तनांचा कॅन्सर, आनुवंशिकता आणि संप्रेरकं यांचं नातं शोधलं, जनुकं हा शब्दही घरोघरी पोचला नव्हता तेव्हा. 1973 साली भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना उभी करणाऱ्यांत त्या होत्या. पुढे अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी भागात जाऊन बायांच्या आणि मुलांच्या आरोग्यावर त्यांनी काम केलं. आपण आज करतो आहोत ते त्याच कामाचं पुढचं टोक.

मग करायचं काय?

एक, हात लावून तपासणं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 1998 पासून टाटा रुग्णालयानं दीड लाखावर बायांचा अभ्यास केला, त्याचा निकाल 2021 साली आला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासत होत्या. पन्नाशीपुढच्या बायांत तिथं मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांत मृत्यूंमध्ये तसा फरक पडला नाही, पण रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला. हे काम यंत्रानं नाही, डॉक्टरनंही नाही, आपल्यासारख्या बायांच्या हातांनी केलं. उपकेंद्रात ही तपासणी मागा. आणि 'स्तन' हा शब्द मोठ्यानं म्हणायला शिका. आपल्याला जो शब्द उच्चारता येत नाही, तिथलं दुखणं आपण कुणाला सांगणार?

दोन, काढलेली गाठ तपासायला गेलीच पाहिजे. बरणीत काय आहे, कधी टाकलं, हे विचारा आणि चिठ्ठीवर वेळ लिहून घ्या. रिपोर्ट, काचा आणि मेणातला ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, हे सगळं मागून घ्या. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, त्यावर पुन्हा तपासणी करता येते. पुढच्या रुग्णालयात तो लागतोच.

तीन, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. पैसे भरायला सांगितले तर कशाचे ते लेखी मागा.

चार, गोळी मधेच सोडू देऊ नका. टॅमॉक्सिफेननं अंग तापतं, पाळी बिघडते. दुखत तर काही नाही, मग कशाला खायची, असं वाटतं. घरातलेही तसंच म्हणतात. गटातल्या एकीनं दर महिन्याला जाऊन विचारायचं: गोळी आहे का, खाल्ली का? गोळी चालू असताना दिवस राहू देऊ नयेत, हेही सांगायचं. अंगावरून वेगळं रक्त गेलं तर लगेच दाखवायचं.

पाच, मागणी. हिंगोली जिल्हा 1999 साली परभणीतून वेगळा झाला. 2024 साली इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तरी कॅन्सरच्या सरकारी रुग्णालयासाठी आपली बाई छत्रपती संभाजीनगरला जाते, दोनशेहून जास्त किलोमीटर. आपण उद्याच महागडी यंत्रं मागत नाही. जिल्ह्यात सुईची तपासणी नीट व्हावी, फॉर्मॅलिनच्या बरण्या तालुक्याच्या रुग्णालयात असाव्यात, नमुना सरकारी गाडीनं जावा, नातेवाइकाच्या पिशवीतून नाही, आणि टॅमॉक्सिफेन तालुक्याच्या ठिकाणी फुकट मिळावी. यातली एकही मागणी महाग नाही. निवेदनाचा मसुदा तयार आहे, सह्या आजच जेवणाआधी करायच्या आहेत.

आणि गावी गेल्यावर पहिलं काम: आपल्या गटात या रोगाची कुणी बाई असेल तर तिची फाईल उघडा. त्या तीन ओळी आहेत का बघा. नसतील तर का नाहीत, हे विचारायला तिच्याबरोबर दवाखान्यात जा. एकटीला 'डॉक्टर बघतील' म्हणून परत पाठवतात. चौघी गेल्या की कागद सापडतो.